सरसाची शेगडी आणि दोन वह्या

बाइंडिंगखान्याच्या फोरमनला सगळे दुर्बीणकाका म्हणत, ते उगाच नाही. स्वतःची सावली दोन मिनिटं उशिरा आली तर तिलाही जाब विचारणारा माणूस! गेला महिनाभर ही दुर्बीण रोखलेली होती प्रूफं तपासणाऱ्या ताईंवर.

ताईंना मल्टिपल स्क्लेरॉसिस. मज्जातंतूंचा, हळूहळू पुढे सरकणारा आजार. त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं. पण काकांनी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवल्याचं ऐकलंय का कधी? ताईंच्या टेबलावर अंडी उकडताना लावतात तसला टायमर असे. दर अर्ध्या तासाने तो किणकिणला की ताई वाक्य अर्धवट सोडून उठत, कागदाच्या रिमांमागे सतरंजीवर दहा मिनिटं आडव्या होत, पाय ताणत, लांब श्वास घेत. मग वहीत काहीतरी टिपून पुन्हा कामाला.

"सोमवारी तरातरा चालतात, मंगळवारी काठी, बुधवारी पुन्हा बऱ्या!" काका पुटपुटत. "आजार आहे की वेळापत्रक?"

त्यांनीही एक वही सुरू केली. रिमांच्या फटीतून पाहून लिहू लागले: 'मंगळवार, दुपारी दोन. काठी. कण्हणं. अभिनय बरा.' 'गुरुवार. हसल्या. दोनदा.' एकदा डोकावताना अख्खं रीम पायावर कोसळलं. काकांनी किंकाळी गिळली, ती पोटात दोन दिवस घुमत होती म्हणे!

महिनाअखेरीस काकांनी ती वही छापखान्याच्या मालकीणबाईंच्या पुढ्यात आदळली. "शुद्ध ढोंग! काढून टाका. नाहीतर उद्या सगळेच सतरंज्या आणतील."

मालकीणबाईंनी ताईंना बोलावलं. ताईंचा चेहरा उतरला. ही नोकरी गेली तर दुसरीकडे टायमर कोण ठेवू देणार? त्यांनी आपली वही पुढे केली.

"दुखणं दहापैकी किती, ते लिहिते. गोळी अर्धंच काम करते, उरलेलं मलाच सांभाळावं लागतं. काका, मी कोसळल्यावर आडवी झाले असते तर तुम्ही विश्वास ठेवला असता. कोसळू नये म्हणून आधीच आडवी होते, हाच माझा गुन्हा!"

मालकीणबाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. काकांच्या वहीत जिथे जिथे काठी, तिथे ताईंच्या वहीत आठ किंवा नऊ. दर मंगळवारी. दर शुक्रवारी.

"मला वाटायचं, आजार आणखी पुढे सरकला," ताई हळूच म्हणाल्या.

"काका, मंगळवार-शुक्रवार आपल्याकडे काय असतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पुठ्ठा बांधणी. चिकटवायचा सरस वितळवायला शेगडी..." काका थबकले. शेगडी फळीच्या भिंतीला टेकून. आणि भिंतीपलीकडे ताईंची खुर्ची!

"उन्हाच्या तापाने माझ्या पायांतलं बळ जातं, हे ठाऊक होतं," ताई म्हणाल्या. "पण भिंत इतकी सावकाश तापायची, की मला वाटे, ही धग माझ्याच अंगातली."

"आणि शेगडी पेटवतं कोण?" मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं.

"अरे देवा! मीच की!"

"मागे तुम्ही दोन दिवस लंगडत होतात," मालकीणबाई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणालात, काही नाही. तुमचं दुखणं न सांगताही खरं, आणि यांचं सांगूनही खोटं? महिनाभर फटीतून पाहिलंत. एकदा समोर जाऊन 'ताई, कसं आहे' एवढं विचारायला काय झालं होतं?"

काकांनी त्याच दिवशी ताईंचं टेबल स्वतः उचलून खिडकीपाशी नेलं.

आजार काही पळाला नाही. तो हट्टी आहे. काठी अधूनमधून निघतेच. पण मंगळवारचा आठ आता पाचावर आला आहे. आणि कामाच्या नादात ताई टायमर ऐकूनही बसून राहिल्या, तर फळीपलीकडून आरोळी येते, "ताई, उठा! वाक्य कुठे पळून जात नाही." काकांचा संशय मात्र गेलेला नाही. टायमर दहा सेकंद मागे चालतो, अशी त्यांची खात्री आहे.

तेव्हा मंडळी, दुसऱ्याचं दुखणं मोजायची पट्टी आपल्याकडे नसते. ते ज्याचं त्यालाच विचारावं, आणि तो सांगेल ते खरं मानावं. नजर ठेवायचीच असेल, तर आपण पेटवलेल्या शेगडीवर ठेवावी!