दातांच्या दवाखान्यातले माझे उड्डाण

मान जरा मागे टाका. आणखी थोडी. हां, आता दिसलो ना? मी लाकडी विमान बोलतोय. दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीच्या बरोबर वर, दोन दोऱ्यांनी मला छताला टांगले आहे. माझी लांबी हातभर, रंग निळा, नाकावर दोन पात्यांचा पंखा आणि दोन्ही बाजूंना मिळून चौदा खिडक्या. खिडक्यांची संख्या मी खात्रीने सांगू शकतो, कारण दाढ कोरली जात असताना माणसे त्या मोजतात. बहुतेकांची मोजणी पाचवर अडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. खुर्च्या करून उरलेल्या हलक्या लाकडाचे मी अपत्य. सुताराने विमान जवळून कधीच पाहिले नव्हते. कॅलेंडरवरच्या चित्रावरून त्याने माझी मापे घेतली. मात्र चित्रातला पंखा फिरत होता, त्यामुळे तिथे केवळ एक धूसर वर्तुळ दिसे. पाती कशी कोरावीत, असा प्रश्न पडला तेव्हा त्याने शेजारी पाहिले. तिथे टेबलफॅन चालू होता. "पंखा म्हणजे पंखा, त्यात काय वेगळं असणार?" असे म्हणून त्याने तो बंद केला, पाती निरखली आणि तशीच मला कोरून दिली.

मला एका हॉटेलमालकाने नेले आणि पोटात पितळी दांडी खुपसून गल्ल्याच्या टेबलावर उभे केले. तिथे मी नऊ वर्षे काढली. या काळात मनुष्यस्वभावाविषयी माझे एक निरीक्षण पक्के झाले. टेबल रिकामे होण्याची वाट पाहणारा माणूस, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, आधी इकडेतिकडे पाहतो, मग माझा पंखा बोटाने फिरवतो आणि अगदी हळू आवाजात 'घुर्रर्र' करतो. याला अपवाद मला आढळला नाही.

पुढे हॉटेलची नवी सजावट झाली आणि माझ्या जागी कुंड्या आल्या. त्याच सुमारास मालकांची दाढ दुखत होती. "डॉक्टर, तुमच्या या पांढऱ्या छताकडे बघून बघून जीव उबगतो," असे म्हणून त्यांनी मला इथे आणून दिले. डॉक्टरबाईंनी पितळी दांडी काढली आणि मला टांगले. पोटात तेवढे एक भोक राहिले. ज्याला नऊ वर्षे सर्वांनी वरून पाहिले, त्याचे आता आधी पोटच दिसू लागले. याची सवय व्हायला काही काळ गेला, हे मला मान्य केले पाहिजे.

दोन वर्षांनी एका सकाळी एक वयस्क जोडपे आले. गृहस्थांनी चौतीस वर्षे खरी विमाने दुरुस्त केली होती आणि निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना फोरमनच म्हणत.

"दोन वर्षं झाली, डॉक्टर," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हे डाव्या बाजूनं चावत नाहीत. आता उजवी बाजूही गेली. घरात सगळं मऊ, सगळं गाळलेलं. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, पण त्यांना काही कामच उरलं नाही."

"तुला वेगळं खायला कुणी अडवलंय?" फोरमन म्हणाले.

"तुमच्यासमोर बसून कुडुम-कुडुम चावू? मला नाही जमत ते."

तपासणी झाली. दोन दात भरायचे आणि एक दाढ काढायची, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. 'काढायची' हा शब्द कानी पडताच फोरमननी तोंड मिटले. मग त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"हे विमान कुणी केलं?"

"माहीत नाही. का हो?"

"पात्यांची फुगीर बाजू पुढे हवी, ती मागे आहे. हा चक्क टेबलफॅन आहे! इंजिन चालू केलं तर वारा पुढे फेकेल आणि अख्खं विमान मागे मागे जाईल. असल्या नादुरुस्त विमानाखाली मी आडवा होणार नाही." आणि ते उठून बसले.

माझी अवस्था काय वर्णावी? अकरा वर्षे मी मनातल्या मनात जी उड्डाणे केली होती, ती सगळी उलट्या दिशेची होती!

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मग उलटून बसवा ना तो पंखा."

"उलटून भागत नाही. नवा कोरावा लागेल, तोलावा लागेल. तीन खेपा तरी होतील."

"योगायोग बघा, तुमच्या दातांनाही तीनच खेपा लागणार आहेत. दर खेपेला आधी तुमचं काम, मग माझं. शिडी माझ्याकडे आहे."

आपण सापडलो, हे फोरमनच्या लक्षात आले. पत्नी खिडकीबाहेर पाहू लागल्या. तसे पाहण्यासारखे तिथे काहीही नव्हते.

पहिल्या खेपेला त्यांनी शिडीवर चढून माझ्या नाकाचे माप घेतले. नंतर दात भरताना खुर्चीचे हात त्यांनी असे आवळले होते, की ते उपटून येतील असे वाटावे.

"एवढे का घाबरता?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"चौतीस वर्षं पकड वापरली आहे मी. पकड काय करते, हे इतरांना माहीत नसतं. मला माहीत आहे, म्हणून तर!"

दुसऱ्या खेपेला त्यांनी कोरलेला पंखा आणला, सुईवर तोलला आणि एका पात्याचे टोक किंचित घासले. माझ्या पोटातले भोक नाकापर्यंत कोरून त्यांनी तिथे खेळण्यातली एक चिमुकली मोटर आणि सेल बसवला. बाहेर एक बारीक कळ ठेवली. दुसरा दातही भरून झाला.

तिसऱ्या खेपेला दाढ काढायची होती. फोरमननी माझ्या नाकावर नवा पंखा चढवला, स्क्रू आवळला, खाली उतरले आणि हत्यारे पिशवीत भरली.

"काम झालं," ते म्हणाले. "दाढही आता फारशी दुखत नाही. पुढच्या महिन्यात बघू."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून ठेवले. कुणाचे तोंड जबरदस्तीने उघडता येत नाही. पत्नींनी पर्स उचलली, दोन पावले टाकली आणि थांबल्या.

"अहो, आणि चाचणी?"

"कसली चाचणी?"

"तुमच्या हँगरमधला नियम. ज्यानं दुरुस्ती केली, त्यानं पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. तुम्ही वर जायचात आणि मी घरी घड्याळाकडे बघत बसायचे. एकदाही टाळलं नाहीत तुम्ही."

"अगं, हातभर आहे ते! त्यात कुठे बसू?"

"आत नाही, तर खाली बसा. खुर्ची आहेच की."

फोरमन पिशवी हातात धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग पिशवी खाली ठेवली आणि कुणाचा हात न धरता खुर्चीत आडवे झाले.

"डॉक्टर, आधी तुमचं उरका. मी खूण केल्याशिवाय कळ दाबायची नाही."

सुई टोचली गेली. गाल बधिर होईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढे जे झाले ते मला वरून स्पष्ट दिसले, पण त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. दाढ निघाली, एवढे पुरे. फोरमनच्या तोंडात कापूस होता, डोळ्यांत पाणी होते.

"अहो, बरे आहात ना?" पत्नींनी विचारले.

बोलता येत नव्हते. त्यांनी हात वर केला आणि तर्जनी हवेत गोल फिरवली. इंजिन सुरू करा, अशी खूण मेकॅनिक वैमानिकाला करतो, तीच ही.

डॉक्टरबाई शिडीवर चढल्या आणि त्यांनी कळ दाबली. माझ्या नाकाशी गुणगुण सुरू झाली, अंगभर एक थरथर पसरली, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि मी सरकलो. चार बोटेच सरकलो, पण पुढे! खाली फोरमन अर्ध्या तोंडाने हसत होते, कारण उरलेले अर्धे बधिर होते.

गेल्या आठवड्यात दोघे तपासणीला आले होते. बाहेरच्या बाकावरून शेंगदाणे चावल्याचा आवाज येत होता, आणि तो एकाच्याच दातांचा नव्हता. "इथे तरी नका हो!" डॉक्टरबाई ओरडल्या, पण त्यांचा आवाज रागावलेला वाटला नाही.

आता त्या प्रत्येक घाबरलेल्या पेशंटला सांगतात, "तुम्ही खूण केल्याशिवाय मी सुरू करणार नाही." खूण मिळाली, की त्या आधी माझी कळ दाबतात आणि मग आपल्या कामाला लागतात; त्यामुळे माझा सेल महिन्यातून दोनदा बदलावा लागतो. तेव्हा तुमची पाळी आली तर संकोच करू नका. हवा तेवढा वेळ घ्या, खिडक्या मोजा, चुकल्या तर पुन्हा मोजा. मन तयार झाले, की एक बोट वर करा आणि गोल फिरवा. आपण दोघेही बरोबरच निघू.