सन ऐंशीच्या फायली

वाचणे.

सर्व्हरवरची कुठली फाईल कोणी वाचायची, कोणी लिहायची, हे शैला ठरवायची. सगळ्यांच्या फायली पुसायचा हक्क तिला एकटीला होता. बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात या हक्काचा कुणालाही हेवा वाटला नाही.

डिस्क गच्च भरली होती. लाइट जाईल या धास्तीने जो तो एकच फाईल चार नावांनी ठेवायचा. टेबलाटेबलाशी जाऊन ती सांगायची, जुनं काढा. सगळे म्हणायचे, आधी शेजारच्याला सांग.

लिहिणे.

दुपारी लाइट गेलीच. सर्व्हर आणि लॅब ज्यावर चालू राहायचे ती बॅटरी टूं टूं करू लागली. काचेपलीकडे लॅब, तिथून चिंचणीचा एकनाथ ओरडला.

"शैलाताय, जागा नाय सांगतंय! सकाळपासूनचं टेस्टिंग पडद्यावर हाय. नमुना संपला, बॅच पुढं गेली. आता काय तपासू, खाडीचं पानी?"

प्रिंटर बॅटरीवर नव्हता. फ्लॉपीचे ड्राइव्ह साहेबांनी व्हायरसच्या भीतीने काढून घेतले होते.

पुसणे.

तिने फायली तारखेने लावल्या. सगळ्यात जुन्या निघाल्या स्टोअरच्या प्रतापच्या. जानेवारी १९८०. तेव्हा या कारखान्याचा पायाही खणलेला नव्हता. एरवी तिला हे खटकलं असतं. आज डोळे दुखत होते. जुनं ते जुनं.

पुसल्या.

तेवढ्यात प्रतापच दारात. स्टोअरच्या मशीनला बॅटरी नव्हती.

"गोडाऊनच्या मालाची मोजदाद शाबूत आहे ना गं? दोन दिवस मोजतोय."

"कधीची फाईल?"

"आजची. तारीख बघू नकोस. लाइट गेली की माझं मशीन ऐंशी सालात जातं. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना. तिला सोडून.

पुसलेली फाईल लगेच मरत नाही. तिची जागा दुसरं कुणी घेईपर्यंत तिथेच पडून असते. परत बोलावली तर येते. पण जागा तेवढीच होती. एकाचीच.

"ताय, दाबू काय?" एकनाथचं बोट फाईल साठवायच्या बटणावर. बॅटरीची टूं टूं आता सलग झाली होती.

"प्रताप, ड्रम अजून गोडाऊनमध्येच आहेत ना?"

"जातील कुठे?" मग त्याचा चेहरा उतरला. "शैला, नको हं. हे बघ, नको."

"दाब रे."

मोजणे.

हा हक्क सर्व्हरमध्ये नाही.

गोडाऊनमध्ये लाल भुकटी उडत होती. प्रताप म्हणाला, "निळ्या झाकणाचे वेगळे धर. आणि मागच्या रांगेवर चढायचं असतं, नुसतं बघून कळत नाही."

ती चढली. साडीचा काठ लाल झाला. बाहेर सरावलीची बस हॉर्न देऊन गेली. दोघांनीही मान वळवली नाही.

"कुठवर आलो होतो?" त्याने विचारलं.

तिला आठवेना. ती खाली उतरली आणि पहिल्या ड्रमापाशी जाऊन उभी राहिली.