सहाव्या क्यारीतला औदुंबर

गुढीपाडव्याच्या आठवडाभर आधी कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. सहाव्या क्यारीतल्या औदुंबराला पार बांधायचं ठरलं आहे, पाडव्याला सकाळी भूमिपूजन, सर्वांनी यावं, नंतर पोहे-जलेबी. खाली अध्यक्ष म्हणून भय्यासाहेबांचं नाव आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

सहावी क्यारी कल्पनाची होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

निरोप वाचला तेव्हा ती गिलकीचं बी निवडत होती. येणारं वर्ष तिच्या डोक्यात तयार होतं. उन्हाळ्यात गिलकी आणि भेंडी, पावसाळ्यात बरबटीच्या शेंगा, थंडीत मेथी आणि बटला, म्हणजे मटार. यंदा पहिल्यांदाच बटला लावायचा होता, कारण जमीन आता कुठे त्याच्या लायकीची झाली होती. तिने बियांची पुडी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, हे वाचलंत?"

दिलीप बँकेतून निवृत्त झाले होते आणि भांडणापासूनही. ते म्हणाले, "वाचलं. आता देवाचं काम आहे. जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"दुसरी क्यारी देतील नी."

कल्पना पुन्हा बी निवडू लागली. उत्तर दिलं असतं तर आवाज शेजारी गेला असता.

नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या या कॉलनीत बगीच्यासाठी सोडलेला एक कोपरा होता. बगीचा झालाच नाही. बिल्डरने तिथे मलबा टाकला आणि तो निघून गेला. शेवटी रहिवाशांनी त्याचे आठ तुकडे केले आणि भाजी लावायची हौस असणाऱ्यांना वाटून दिले. नियम एकच ठरला: पाडव्याला ज्याने क्यारीत नवं बी टाकलं, वर्षभर क्यारी त्याची. पाडव्याला क्यारी कोरी राहिली तर ती दुसऱ्याची. कल्पनाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात माती कमी आणि फरशीचे तुकडे जास्त होते. ते तिने वेचले. शेणखत घातलं, घरचा ओला कचरा कुजवून घातला. तीन वर्षांनी तिथे वांगी लगडली.

औदुंबर मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात आला. निंदणी करताना तिने ती पानं ओळखली आणि तिचा हात थांबला. आपणहून आलेला उंबर उपटायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या माहेरी आणि सासरी ते सगळ्यांना माहीतच होतं. रोप बोटाएवढं होतं. तेव्हाच उचलून भिंतीकडेला लावलं असतं तर चाललं असतं. तिने ते वांग्यांमध्ये तसंच राहू दिलं आणि वांग्यांसोबत पाणी घातलं.

दत्तजयंतीला दिलीपनी त्याच्यापाशी पणती लावली. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी दोन पणत्या होत्या. मग कुणी काच फुटलेली तसबीर आणून ठेवली, कुणी जुनी पोथी, कुणी सुकलेले हार. घरात ठेवायचं नाही आणि कचऱ्यात टाकायचं नाही असं सगळं सहाव्या क्यारीत येऊ लागलं. या थंडीत मेथी निवडताना कल्पनाच्या बोटात हाराची टाचणी घुसली. औदुंबर तोवर तिच्या खांद्याला लागला होता.

संध्याकाळी ती भय्यासाहेबांकडे गेली. गेटबाहेर त्यांची नवी गाडी उभी होती. रस्त्याकडेची ती पट्टी कॉलनीची होती, पण भय्यासाहेबांनी गाडीसाठी तिच्यावर पत्रे टाकून घेतले होते. ते व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते.

"या वहिनी. चहा?"

"चहा नको. क्यारी माझी आहे. मला विचारलं का नाही?"

"विचारायचं काय त्यात? झाड तुम्ही लावलंय का?"

"नाही."

"मग! महाराज स्वतः आलेत. आमच्या पणजोबांच्या वेळेपासून या गावात आहोत आम्ही, असं भाग्य कुणाच्या दारी आलं नाही. पुढे सिंहस्थ येऊन राहिलाय, घरोघरी पाहुणे येतील. कॉलनीत दर्शनाची एक जागा नको?"

"गावात देवळं कमी पडली का, भय्यासाहेब?"

"तुम्ही भाजीसाठी देवाशी भांडता?" ते हसले. "अहो, सब्जी ठेल्यावर पण मिळते. तुम्हाला नालीकडची क्यारी देतो. खाद-पाण्याची कमी नाही तिथे!"

आतून कुणीतरी हसलं.

"महाराज कुणाच्याही दारी आले तर नाही म्हणायचं नाही, असंच ना?"

"कोण म्हणेल नाही? कुणाची हिंमत आहे?"

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

तेव्हा तिच्या मनात काहीच ठरलं नव्हतं. कदाचित ती पारापुरती जागा सोडून उरलेल्या क्यारीवर समाधान मानायलाही तयार झाली असती. पण पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी ती क्यारीकडे गेली तेव्हा एक ट्रॉली विटा खाली करत होती. गिलकीसाठी तिने खणून, खत भरून, भिजवून ठेवलेल्या आळ्यांवर विटा पडत होत्या.

"अरे भैया, रुको! यहाँ नहीं!"

"मैडम, हमको तो यहीं बोला है," ड्रायव्हर म्हणाला. "पूरी क्यारी में फैलाना है, कल कुछ बोना नहीं है।"

म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. क्यारी उद्या कोरी राहावी अशी व्यवस्था होती.

कल्पनाने नळाला पाइप लावला आणि औदुंबराच्या बुंध्याशी पाणी सोडलं. शेजारच्या क्यारीवाली जयू बघत होती. भय्यासाहेबांशी झालेलं बोलणं कल्पनाने तिला तेव्हाच सांगितलं होतं.

"कल्पना, आळी सोडून झाडाला पाणी? पूजा मांडून राहिली का तू पण?"

"मुळाशी माती धरून राहायला पाहिजे," कल्पना म्हणाली.

जयू आधी समजली नाही. मग समजली. "हाय राम," ती म्हणाली. "बारदान आहे माझ्याकडे. आणू?"

पाडव्याला सकाळी गुढी उभारून कल्पना कुदळ आणि विळा घेऊन निघाली. दिलीप मागोमाग आले, चपला उलट्यासुलट्या घालून. क्यारीशी भय्यासाहेब रेशमी कुर्त्यात उभे होते, गुरुजी आसन मांडत होते, कॉलनीतली वीसेक माणसं जमली होती. तिने कुणाकडे बघितलं नाही. बुंध्यापासून हातभर लांब पहिला घाव घातला.

"वहिनी! काय करताय!"

"नेतेय."

"सणाच्या दिवशी? औदुंबराला कुदळ? पाप लागेल!"

"तोडत नाहीये. उचलतेय. गुरुजी, एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावलं तर पाप आहे का?"

गुरुजींनी भय्यासाहेबांकडे बघितलं, मग झाडाकडे. "जगलं तर नाही," ते म्हणाले.

"जगेल."

ती खणत राहिली. ओली काळी माती मुळांना घट्ट धरून होती. खालचं जाड मूळ तिने विळ्याने कापलं, अर्धी पानं खुडून टाकली, जयूने बारदान खाली सरकवलं. उचलायची वेळ आली तेव्हा दोघींना ते हलेना. कल्पनाने मान वर केली.

"अहो, बघत काय बसलात? धरा."

दिलीपनी आधी भय्यासाहेबांकडे बघितलं. मग वाकून बारदानाचं एक टोक धरलं.

औदुंबर कॉलनीच्या रस्त्याने निघाला आणि मागून पूजेचं ताट घेऊन सगळी कॉलनी. भय्यासाहेबांच्या गेटबाहेर कल्पनाने ओझं खाली ठेवलं.

"गाडी काढा, भय्यासाहेब."

"इथे? अहो, इथे कसं? मुळं भिंतीत जातील. टाकी आहे खाली. आणि हे पत्रे..."

"महाराज दारी आलेत," कल्पना म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. "नाही म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा, मग मी परत नेते."

जयू मागून म्हणाली, "भय्यासाहेब, असं भाग्य तुमच्या पणजोबांच्या दारी पण नव्हतं आलं!" लोक हसले. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि मुहूर्त टळत असल्याचं सांगितलं.

भय्यासाहेबांनी खिशातून किल्ली काढली. गाडी मागे घेताना ती पत्र्याच्या खांबाला घासली.

गाडीच्या जागी खड्डा खणून कल्पनाने औदुंबर उभा केला, पण पूजा होईपर्यंत ती थांबली नाही. क्यारीत येऊन ती विटा उचलून कडेला टाकू लागली. दोन आळी पार दबली होती. ती तिने पुन्हा खणली. भिजवलेलं गिलकीचं बी पदराला बांधलेलं होतं. एकेका आळ्यात बी टाकून तिने माती ओढली.

दिलीप जलेबीचा द्रोण घेऊन आले आणि बांधावर उभे राहिले.

"झालं नी मनासारखं?" ते म्हणाले. "आता तरी रागावू नकोस. मी काय करू, सांग."

कल्पनाने वर बघितलं नाही. औदुंबर होता त्या खड्ड्याच्या काठावर एक पणती अजून पडून होती, तेलाने काळी झालेली.

"आधी ती तुमची पणती उचला," ती म्हणाली. "तिथे बटला लावायचाय."