उत्तरेला तोंड करणारी म्हैस

"सांगून कोणाला पटायचं नाय, पण माझी म्हैस उत्तर दिशा दाखवते!"

रोह्याच्या कोंडवाड्याचं फाटक धरून दाजीनं तोंड उघडलं खरं, पण त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. आतली गाभण म्हैस त्याची होती, आणि शेजारी उभा असलेला हैबतराव शपथेवर सांगत होता की ती आपलीच. दोघांच्याही म्हशी एकाच दिवशी दावं तोडून पळाल्या, सापडली मात्र एक. अंगावर खूण कसली ती नाही. कोणाच्या हाती द्यायची ते राखणदार दिनानाथ आत्ता ठरवणार होता. आज-उद्या व्यायला टेकलेली म्हैस परक्या गोठ्यात जायची, या धास्तीनं दाजी फाटक सोडत नव्हता.

"कुंपणाची तार गिळली व्हती तिनं," तो घाईघाईनं सांगू लागला. "डॉक्टरनं बोटाएवढा चुंबक घशात सोडला. म्हणाला, तार त्याला चिकटून गप राहील. तार राहिली, म्हैस राहीना! तोंड कायम उत्तरेला. पाठीवरचा बगळाबी उत्तरेला. उत्तरेकडं डोकं करून निजू नये म्हणून मी तिला फिरवून बांधतो, तर माझा डोळा लागला की बया परत फिरते. आमच्या वरसे गावात कोंबड्यासुद्धा..."

"कोंबड्यांचं काय?" दिनानाथ पुढं सरकला.

"तिच्या गोठ्यात घातलेलं अंडं टोकानं उत्तरेला!"

"मग आत्ता ती पूर्वेला का बघते?" हैबतरावानं विचारलं.

"कोंडून घातल्यावर तुझं तरी डोकं ठिकाणावर राहील काय? दिनानाथा, तुझ्या घड्याळाच्या पट्ट्यात होकायंत्र हाय ना? लाव तिच्या पोटाला!"

बोलता बोलता दाजी आत शिरला आणि म्हशीला अंग घासून उभा राहिला. डावा हात तेवढा बंडीच्या खिशातून निघेना. दिनानाथनं मनगट पुढं केलं. काटा थरथरला आणि गर्रकन फिरला.

"आयला, खरंच की!" म्हणत दिनानाथनं दुसऱ्या हातानं दावं सोडलं. दाजीचा जीव कुठं जरा भांड्यात पडला.

मोकळी झालेली म्हैस वळली आणि पलीकडच्या हौदावर पाणी प्यायला गेली. दिनानाथ घड्याळ धरून तसाच उभा. हैबतरावानं वाकून त्याच्या मनगटाकडं पाहिलं.

"दाजी," तो मोठ्यानं म्हणाला, "म्हैस हौदावर गेली, आणि काटा अजून तुझ्या खिशाकडंच बघतो रं!"