बाईंची आंघोळ

"विनया, आंघोळ घालतेस की बाप्तिस्मा देतेस?"

पाणी जरा गार झालं की लतिकाबाई असं म्हणायच्या. मग मी गीझरचं पाणी मिसळून आणायची आणि पुन्हा सुरुवात करायची. आधी तोंड, ते त्या स्वतः पुसायच्या. मग डावा हात, उजवा हात. एक अंग पुसताना दुसरं टॉवेलखाली झाकलेलं राहिलं पाहिजे. त्या वेळी बोलायचं नाही. प्रार्थना, स्तोत्र, चौकशी, काही नाही. "मी आता पार्सल आहे असं समज. पार्सलशी कोणी बोलत नाही," त्या म्हणायच्या.

बाई मूळच्या नगरच्या. लग्न होऊन लखनौला आल्या आणि इथल्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या चर्चमधली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. नवरा गेल्यावर इंदिरा नगरच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत होत्या. जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या अंथरुणालाच खिळल्या. लेक अनन्या पुण्याहून येऊन महिनाभर राहिली. जाताना ती दिवसभराची बाई ठरवत होती. मीच म्हटलं, "कशाला ग? परकी बाई कशी वागेल, कोण जाणे. मी आहे ना."

तिला खरं कारण सांगितलं नाही. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तोंडावर आला होता. मी दर वर्षी त्या चाळीस दिवसांसाठी प्रभूला काहीतरी वचन देते. कधी एकच वेळ जेवण, कधी रोज पहाटे गुडघ्यावर तास. या वर्षी मनात आलं होतं की चाळीस दिवस लतिकाबाईंना आपल्या हातांनी आंघोळ घालायची. पगारी बाई आली असती तर मला काय उरलं असतं?

भस्म बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरुवात केली. माझे मिस्टर, राजेश, ऑफिसला निघाले की मी मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमधून ई-रिक्षाने आलमबाग, तिथून मेट्रो. रविवार चाळीसच्या हिशोबात धरत नाहीत, तरी मी रविवारीही जायची. उपासनेच्या आधी बाईंचं आवरायचं, फोन स्टँडवर लावून चर्चचं थेट प्रक्षेपण सुरू करून द्यायचं आणि मग चर्च गाठायचं.

चौथ्या रविवारी पास्टर साहेब म्हणाले, "इस चालीसा में प्रभु ने किसी से सेवा करवाई हो, तो गवाही दे।"

मी चारचौघांत उठून साक्ष देणारी बाई नाही. या चर्चमध्ये सोळा वर्षांत कधी पुढे गेले नव्हते. त्या दिवशी गेले. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की पहिल्या दिवशी त्यांची चादर काढताना मला उमळून आलं. मोरीपाशी जाऊन रडले. प्रभूला म्हटलं, माझ्या हातांची किळस काढ. आणि त्याने काढली. आता मी त्यांचं सगळं करते, अगदी सगळं, लहान बाळाचं करावं तसं, आणि त्या शरीरात मला ख्रिस्त दिसतो. मी नाव घेतलं नाही. "इंदिरा नगर की हमारी एक बुज़ुर्ग बहन," एवढंच म्हटलं. इंदिरा नगरात अंथरुणाला खिळलेली आमची बुजुर्ग बहन एकच होती. लोक "आमेन, आमेन" म्हणत होते. दोघीतिघींनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर पास्टर साहेबांच्या पत्नींनी माझे हात हातात घेतले आणि त्या हातांकडे बघतच राहिल्या.

नंतर मी राजेशना म्हटलं, "बाई फोनवर बघत असतील हे माझ्या लक्षातच राहिलं नाही."

ते खोटं होतं. फोन मीच लावून आले होते. बोलताना मनात कुठेतरी असंही होतं, की ऐकू देत. मी काय काय सोसलं ते त्यांनाही कळू दे.

सोमवारी, तेविसाव्या दिवशी, मी किल्लीने दार उघडून आत गेले तर बाई गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. खोलीत वास होता. स्वयंपाकवाली डबा ठेवून गेली होती, तो तसाच.

"बाई, पाणी काढते."

"नको."

"ओलं आहे ना? पाठीची जखम चिघळेल."

"चिघळू दे. पुढच्या रविवारी सांगायला तुला नवीन काहीतरी होईल."

मी पलंगाशी गुडघ्यावर बसले. "बाई, चुकलं माझं. मला क्षमा करा."

"केली," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "ख्रिस्ती आहे, करावीच लागते. आता हात लावू नकोस."

"पण मग तुमचं कोण करणार?"

"तुला माझी काळजी आहे की तुझ्या चाळीसची?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "मी प्रभूला वचन दिलंय हो, बाई. मोडायला लावू नका."

त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. "वचन तू दिलंस, विनया. अंग माझं वापरलंस. काल रात्री कपूरचा फोन आला होता. आठवीत इतिहासात नापास व्हायचा तो. म्हणतो, मिस, हम आपके लिए दुआ कर रहे हैं, सुना आपकी हालत बहुत... पुढचं त्याला बोलवेना. छत्तीस वर्षं मी त्या पोरांसमोर पदराची पिन नीट लावून उभी राहिले."

मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मला न ओळखणारी बाई आण," त्या शेवटी म्हणाल्या. "आपल्या चर्चमधली नको. पैसे घेईल आणि घरी जाईल, अशी."

खाली कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नसरीनचा नंबर दिला. ती बारा वाजता आली. पन्नाशीची, ठेंगणी, चप्पल दाराबाहेर काढून आत आली. मी तिला स्वयंपाकघरातच थांबवलं.

"बाजी, कैसे नहलाते हैं इन्हें? बता दीजिए।"

मी सांगायला लागले. तोंड त्यांचं त्या पुसतील. डावीकडून सुरुवात. टॉवेल सरकू द्यायचा नाही. कुशीवर वळवताना हात खुब्याखाली नको, गुडघ्याखाली घ्यायचा. पाणी कोपर बुडवून बघायचं.  हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं, एकेक दिवस, टोमणे मारत.

"और बात मत कीजिएगा," मी म्हटलं.

"हम काम के वक़्त बोलते ही नहीं," नसरीन म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. दार लोटलं गेलं.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आत पाण्याचा आवाज. मग बाई कळवळल्या, "अगं आई गं!" वळवताना नसरीनचा हात चुकला होता. मी दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. आत नसरीन म्हणाली, "माफ़ कीजिए, अम्मा," आणि पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला. माझी गरज पडली नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

थोड्या वेळाने नसरीन मळकी चादर घेऊन बाहेर आली. मागून बाईंचा आवाज, "वो गईं क्या?"

नसरीनने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"हाँ अम्मा, चली गईं।"

किल्ली ओट्यावर ठेवली आणि आवाज न करता निघाले. जिन्याच्या वळणावर खालून बायकांचं बोलणं ऐकू आलं. मृणाल वर येत होती, आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, गोमती नगरात राहणारी. मागे मंडळातल्याच दोघी. एकीच्या हातात फळांची पिशवी, दुसरीच्या हातात गीतांची पुस्तकं.

"अरे वहिनी! तुमच्यासाठीच आलो," मृणालचा चेहरा उजळला. "काल तुमची गवाही ऐकून रात्रभर झोप नाही आली. सच में. म्हटलं एकट्या वहिनीच का? आम्ही वाटून घेतलंय, यार. मंगळवार मी, गुरुवार या दीदी. आज फक्त बघायचं, तुम्ही कसं करता ते."

"आज नको, मृणाल."

"क्यों? झोपल्यात का? मग बाजूला बसून एक गाणं म्हणू."

झोपल्यात, असं म्हणता आलं असतं. मग त्या उद्या आल्या असत्या. मी जिन्याच्या मधोमध उभी राहिले आणि कठड्याला हात धरला, म्हणजे वाट अडली.

"त्यांना कोणी यायला नकोय," मी म्हटलं. "माझ्यामुळे. जे त्यांचं झाकलेलं होतं ते मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उघडं केलं. त्यांना विचारलं नव्हतं. त्या फोनवर ऐकत होत्या. मला ठाऊक होतं की त्या ऐकतायत."

मृणालला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण तुम्ही तर प्रभूच्या गौरवासाठी बोललात ना?"

"नाही ग."

मागची दीदी दुसरीला काहीतरी पुटपुटली. "फिर वो आँसू?" एवढंच मला ऐकू आलं. मृणाल माझ्याकडे बघत होती. काल माझे हात धरणाऱ्या पास्टर साहेबांच्या पत्नींसारखी नाही. डब्याचं झाकण उघडल्यावर आत भलतंच निघावं, तशी.

"आता त्यांचं कोण करतंय?" तिने विचारलं.

"एक बाई ठेवलीय."

"म्हणजे तुमचे चाळीस दिवस..."

"बावीस झाले."

तिने पिशवी दीदीच्या हातातून घेतली, माझ्या बाजूने वर पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मी कठडा सोडला नाही. "वहिनी, ये आपने अच्छा नहीं किया," ती म्हणाली. काय चांगलं केलं नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिघी वळल्या. त्यांच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला, ई-रिक्षा थांबली, निघाली.

मी तिथेच पायरीवर बसले. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, पण एकही शब्द असा सापडेना ज्यात मी नव्हते.