मकरूदचे ताट

सी खमीस यांनी मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, भाजण्याचे मोठे पत्र्याचे ताट भिंतीला तिरपे टेकविले, खाली वीट सरकविली आणि रात्रभर गच्चीवर गारठत ठेवलेल्या इंजिनच्या तेलाच्या दोन बाटल्या पिशवीतून बाहेर काढल्या.

"लांब राहा सगळे," ते म्हणाले. "हाताची ऊब लागली तरी तेल पातळ होतं."

समोरच्या कॉफीच्या दुकानातील माणसे पेले हाती घेऊनच रस्ता ओलांडून आली होती. मार्चच्या त्या सकाळी काफ शहरात असा गारठा होता की वाफ कॉफीची की तोंडाची, हे कळत नव्हते. सर्वांच्या पुढे हम्मादी न्हावी उभा होता. दोहोंपैकी पातळ तेल ताटावरून आधी खाली पोहोचेल, अशी त्याने पैज लावली आणि हरल्यास साऱ्यांना कॉफी पाजण्याचे कबूल केले.

विषय वरवर हास्यास्पद, परंतु वस्तुतः गंभीर होता. सी खमीस यांची दुधी रंगाची जुनी प्यूजो वर्षातून क्वचितच बाहेर निघे. गल्लीतील प्रत्येक नवरी तिच्यात बसून शहराच्या वेशीपर्यंत जाई; तेथून वरपक्षाची गाडी तिला घेऊन जाई, आणि सी खमीस रिकामी गाडी घेऊन परतत. पत्नीच्या निधनानंतर ती गाडी वेशीपलीकडे कधी गेली नव्हती. उद्याची नवरी मात्र त्यांची स्वतःची कन्या नझीहा होती, आणि मागील वरातीत चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकला होता. नवरीची गाडी वाटेत बंद पडणे, याहून मोठा अपशकुन त्या गल्लीस ठाऊक नव्हता.

शेजारचे गॅरेजवाले उस्ता बशीर हेही तेथे होते; त्यांचे मत स्पष्ट होते. गाडी हिवाळाभर उभी असते, इंजिनच्या वरच्या भागातील तेल खाली उतरून जाते. किल्ली फिरविताच ते झटकन वर चढले पाहिजे, म्हणून दहा-चाळीस हे पातळ तेल. सी खमीस यांचा जीव मात्र वीस-पन्नासमध्ये, म्हणजे जाड तेलात, गुंतलेला. त्यांचे म्हणणे, इंजिन झिजलेले, वरातीची चाल गोगलगायीची, तापल्यावर पातळ तेलाचे निव्वळ पाणी होईल.

"बिस्मिल्ला," असे म्हणून त्यांनी दोन्ही बाटल्या एकाच वेळी कलत्या केल्या.

पातळ तेल क्षणभर थबकले आणि सरसर निघाले. जाड तेलाने अंग फुगविले, जणू निघावे की न निघावे याचा विचार चालविला. माणसे गुडघ्यांवर बसली. कोणी जाड तेलास चुचकारू लागला, कोणी ताटास बोट लावले म्हणून दुसऱ्याने त्याचा हात झटकला. पातळ तेल ताटाच्या काठाशी पोहोचले, तेव्हा जाड तेल अद्याप निम्म्या वाटेवरही नव्हते.

"खमीस, तुझं तेल पोहोचेपर्यंत नझीहाला नातवंडं होतील," हम्मादी म्हणाला.

इतक्यात नझीहाच दारात आली. तिचे हात रव्याने माखलेले होते.

"बाबा, ते ताट मी सकाळपासून शोधतेय."

ते ताट तिच्या आईचे होते. आजचे मकरूद त्यात भाजून ते ताट येथेच, या घरी ठेवून जायचे, असे तिने ठरविले होते.

"आता मकरूद घशाखाली सरळ घसरतील, नझीहा," हम्मादीने सांत्वन केले.

ती हसली आणि वाकून तेलाचे ओघळ पाहू लागली. उस्ता बशीर यांनी हात पुसले.

"सी खमीस, तेल नुसत्या गाडीवर ठरत नाही. ती चालणार किती आणि कुठे, त्यावर ठरतं. उद्याची वरात तेवढी पार पाडायची, तर जाड घाला. पुन्हा उभीच करून ठेवायची, तर पातळ. काय ते एकदा सांगा."

परवा रात्री नझीहानेही वेगळ्या शब्दांत हेच विचारले होते. सासर तबर्काला, डोंगरापलीकडे, समुद्राकाठी. तिकडे मला भेटायला कोण येणार? "बस आहे ना," एवढे बोलून वडिलांनी रेडिओचा आवाज वाढविला होता. आता तिने ताटाची कड धरली, परंतु ते उचलले नाही.

सी खमीस ताटाकडे पाहत राहिले. जाड तेल आत्ता कुठे काठाशी येत होते.

"तबर्काच्या वाटेवर, ऐन द्राहमच्या घाटात जानेवारीत बर्फ असतो ना?"

"असतो," उस्ता म्हणाले. "पण वरात तर उद्या आहे, आणि तीही वेशीपर्यंत."

"आणि घाट चढताना गाडी तापते."

"तापणारच."

"मग गारठ्यात धावेल आणि तापल्यावरही टिकेल, असं काही ठेवतोस का?"

उस्ता बशीर गॅरेजमध्ये गेले आणि मागच्या फळीवरून तिसराच एक डबा घेऊन आले. हम्मादीने पेल्यातील गार झालेली कॉफी एका घोटात संपविली.

नझीहाने ताट उचलून उराशी धरले. रवा आणि तेल, दोन्ही तिच्या बाहीला लागले.

"हे ताट मी तबर्काला नेते, बाबा," ती म्हणाली. "इथे उगाच पडून राहायचं."

"आधी नीट धू," सी खमीस म्हणाले, आणि गाडीचे झाकण उघडण्यास वळले.