मुठीतलं पिस्तूल

"आता सगळ्यांनी माझ्या मुठीकडे बघा," असं म्हणून पिस्तूलकाकांनी हात पुढे केला, आणि पहिल्या रांगेतले दोघे-चौघे उगाचच मागे सरकले.

मुठीत काहीच नव्हतं. खरी वस्तू शेजारच्या काचेच्या कपाटात होती. खिशातल्या घड्याळाएवढी गोल, चपटी चकती. ती मुठीत धरायची, बोटांच्या फटीतून इवलीशी नळी बाहेर काढायची आणि मूठ आवळायची, की गोळी सुटली. असली पिस्तुलं मुळात बनली थोडी, त्यातली उरली आणखी थोडी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून काकांनी अशाच चमत्कारिक हत्यारांचा ध्यास घेतला होता. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळायची आणि रविवारी संग्रहालयात येऊन लोकांना सगळं रंगवून सांगायचं. स्वतः त्यांनी जन्मात एक गोळी झाडली नव्हती. "झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात, आणि म्हणे पिस्तूलकाका!" ही त्यांच्या बायकोची टिप्पणी अख्ख्या गल्लीला पाठ होती.

"तर हेच पिस्तूल घेऊन एक इसम घड्याळजीच्या दुकानात शिरला. काहीतरी जुनं वैर होतं. म्हणाला, घड्याळ दाखवायचंय. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, पुढे वाकला, आणि ठो!" काका थांबले. कुठे थांबायचं ते त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. "पण माणूस धंद्याला पक्का! कोसळता कोसळता म्हणतो, स्प्रिंग गेलीय हो, गुरुवारी मिळेल!"

सगळे खदखदून हसले. इथे ते नेहमीच हसायचे. काकांनी चष्मा पुसला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

लोक पांगले तरी एक सत्तरीच्या बाई कपाटापाशीच उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी, डोळे भरलेले.

"ते घड्याळजी माझे वडील," त्या म्हणाल्या.

माफी मागायला काकांनी तोंड उघडलं, पण बाई रागावलेल्या नव्हत्या. त्या हसत होत्या, आणि तेच काकांना जास्त जड गेलं.

"आमच्या घरी हा विषय कुणी काढायचाच नाही. धाकटा भाऊ त्या दिवशी दुकानात होता. बाबांनी त्याला चहा सांगायला पाठवलं, आणि तो वाटेतच खेळत बसला. तेव्हापासून एकच धरून बसलाय. बाबांनी मला हाक मारली असणार आणि मी नव्हतो, म्हणतो. आता नातवंडं झाली तरी तेच." त्यांनी डोळे पुसले. "आणि तुम्ही सांगताय की ते गिऱ्हाइकाशीच बोलत होते. म्हणजे काय झालं ते त्यांना कळलंसुद्धा नाही. हो ना?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवीतून फोन काढला. "थांबा, तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडून त्याला पटायचं नाही. तुम्ही एवढा अभ्यास केलाय."

त्या पिस्तुलाची स्प्रिंग कशी बसते, ते कुणी बनवलं, कारखाना का बुडाला, सगळं काकांना तोंडपाठ होतं. घड्याळजीबद्दल वर्तमानपत्रात जेमतेम दीड ओळ होती. नावही होतं, पण गोष्टीत ते लागत नव्हतं, म्हणून विसरून गेले. गुरुवार त्यांनीच घातला होता. लोक जांभया द्यायला लागले म्हणून एकदा सहज जोडला. हशा पिकला, म्हणून राहिला. एका मेलेल्या माणसाच्या तोंडात आपण आपला विनोद कोंबला, आणि कुणाचं तरी दुःख आता त्यावर भरवसा टाकून उभं आहे, हे मनात येताच त्यांना स्वतःची शिसारी आली.

तिकडे फोनची रिंग जात होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"अहो, थांबा," काका म्हणाले. "ते वाक्य माझं आहे."

"म्हणजे?"

"मी रचलंय. लोकांनी हसावं म्हणून. ते काय बोलले, हे कुणालाच माहीत नाही. पेपरात एवढंच आहे, की ते जागीच गेले."

"ते आम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

त्या काकांकडे बघत राहिल्या. काकांची नजर फरशीवरून वर येईना. वडिलांचं नाव विचारावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण ते विचारायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

"हॅलो! ताई? काय गं, काय झालं?" फोनमधून म्हाताऱ्या भावाचा घाबरा आवाज आला.

बाईंनी फोन कानाला लावला आणि काकांकडे पाठ केली.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "सहजच केला. तू जेवलास का?"

तिकडून तो काहीतरी म्हणाला.

"मग जेवून घे आधी," असं म्हणत, पिशवी खांद्यावर सावरत, त्या दाराकडे निघाल्या.